हाडासकट बांडगूळ

ओंदोच्या बाजारात पाला विकणाऱ्या बायकांच्या गल्लीत अवेरो फक्त बांडगूळ विकायची. शेजारणींच्या पुढ्यात साली, मुळ्या, बिया, ताजा पाला असा मोठा पसारा असे. अवेरोच्या चटईवर एकाच गोष्टीच्या जुड्या, ओळीने मांडलेल्या. नवखं गिऱ्हाईक म्हणे, "हे सगळं एकच तर दिसतंय." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "जुळी मुलंही तुम्हाला एकच दिसत असतील. त्यांच्या आईला विचारा."

बाजार तिला इया लातुंदे, म्हणजे लातुंदेची आई, म्हणत असे. मी मात्र अवेरोच म्हणायची. मी वयाने मोठी होते, आणि ती आमच्या घरामागच्या खोलीत माल सुकवायची. ती खोली माझ्या यजमानांनी शाळा-तपासणीच्या सायकलींसाठी बांधली होती. यजमान गेले, सायकली गेल्या, आणि बांडगुळं आली. पहिल्या महिन्यात मला त्या वासाने झोप लागेना. पुढे तो वास नसला की चुकल्यासारखं वाटू लागलं.

ती मूळची इसेयिनची, उत्तरेकडच्या कोरड्या मुलखातली. नवरा जोलादे, विणकर. बायकोला घेऊन ओंदोला कापड विकायला आला, आणि दोन पावसाळ्यांनंतर घानाला म्हणून जो गेला तो तिकडेच दुसरं घर करून बसला. पोटात लातुंदे होता. माघारी इसेयिनला जायचं तर तिथे आई नव्हती, आणि भावजय कशी होती ते तिला ठाऊक होतं. ती इथेच राहिली. बाजारातल्या बायका कुत्सितपणे विचारत, "इया लातुंदे, जोलादे कधी येणार?" ती शांतपणे सांगायची, "आला की आधी तुम्हालाच दिसेल. दिवसभर रस्त्याकडे तुम्हीच बघत असता."

बांडगूळ तिला आजीकडून कळलं होतं. इसेयिनच्या आजूबाजूला शिआची झाडं, आणि त्यांच्यावर बांडगुळांचे झुबके. आजी तेलासाठी त्यांच्या बिया वेचायची, आणि जाता जाता बांडगूळ तोडून ते वैद्यांना द्यायची. ओंदोत आल्यावर अवेरोने पाहिलं की इथे कोकोवर, ज्याच्या कडू बिया चघळतात त्या कोलावर, संत्र्यावर, पेरूवर सगळीकडे ते चिकटलेलं आहे आणि शेतकरी त्याला शिव्या देतायत. फांदीचं पाणी तेच पितं, फांदीचा शेंडा वाळतो, फळ धरत नाही. ती मळ्यात जाऊन म्हणे, "तुमची पीडा मी काढून नेते." नाही म्हणायला कोण बसलंय? शेतकऱ्याला ती पीडा होती, वैद्याला ते औषध होतं, आणि अवेरो त्या दोघांच्या मधोमध उभी राहिली.

आता गल्लीचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. बांडगूळ झाडाला जिथे धरतं तिथे गाठ येते. झाडाचं लाकूड फुगतं, आणि बांडगुळाचं मूळ म्हणावं ते त्या गाठीत रुतलेलं असतं. गल्लीत त्याला हाड म्हणतात. बांडगूळ विकायचं ते हाडासकट, खालच्या झाडाची बोटभर फांदी जुडीला असलीच पाहिजे. कारण आमच्याकडचे वैद्य बांडगुळाला वेगळा गुण मानतच नाहीत. ज्या झाडाचं पाणी प्यालं त्याचा गुण. वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, तसंच. संत्र्यावरचं खोकल्याला, पेरूवरचं पोटाला, कोलावरचं भोवळ येणाऱ्याला. आणि नुसती पानं बघून कुठल्या झाडावरचं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हाड.

हाड खोटं निघालं, म्हणजे एका झाडावरचं बांडगूळ दुसऱ्याचं म्हणून कुणी विकलं, तर त्या बाईचं बसायचं स्टूल गल्लीत उलटं करून ठेवत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. उलट्या स्टुलापाशी गिऱ्हाईक थांबत नाही, आणि ते सुलटं करायला कुणी हात लावत नाही. बाई आपणहून दुसऱ्या गावचा बाजार धरते. माझ्या आठवणीत असं एकदाच झालं होतं, आणि ती बाई ओंदोचीच होती, तिला जायला माहेर होतं.

एका वर्षी कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत, घरात सगळीकडे धूळ बसलेली असताना, इबादानच्या विद्यापीठातून मिस फाग्बेमी आमच्याकडे उतरली. माझ्या भाचीची मैत्रीण. झाडांच्या फांद्या वर्तमानपत्रात दाबून त्यांची नावं लावायची हे तिचं काम, आणि तिला बांडगुळं हवी होती. मी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथून ती तीन दिवस हलली नाही.

अवेरोकडे सात झाडांवरची बांडगुळं होती; त्या सातही जुड्या मिस फाग्बेमीने व्हरांड्यात सोडल्या. हाडं बाजूला ठेवली. मग पानंफुलं बघून सगळ्या ढिगाचे दोनच ढीग केले. एका ढिगातली पानं गुळगुळीत, देठापाशी हृदयासारखी आत वळलेली, कोवळ्या काड्यांवर फिके ठिपके. फुलं छत्रीसारखी एका जागेतून फुटलेली, लांब नळीची, गुलाबी-लाल, बुडाशी फुगीर, आणि कळीचं टोक काडेपेटीच्या काडीसारखं. ती कळी चिमटीत दाबली की फट्‌कन उघडते. आम्ही लहानपणी शाळेच्या वाटेवर हेच करायचो. दुसऱ्या ढिगातल्या पानांच्या पोटाला गंजासारखी तपकिरी लव, फुलं आखूड, पिवळी, देठाजवळ गुच्छात दाटलेली. शाळेत मिशनच्या सिस्टरांनी आमच्याकडून फुलाचे भाग पाठ करून घेतले होते, पण ती फुलं आयर्लंडची होती आणि त्यातलं एकही मी जन्मात पाहिलेलं नाही. ही मात्र मी रोज पाहत होते, आणि त्यांचे दोन प्रकार आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्याचं नाव तिने तापिनान्थस बांग्वेन्सिस असं सांगितलं. बांग्वा हा पलीकडे कॅमेरूनच्या डोंगरातला मुलूख. नाव जर्मनांनी दिलेलं. त्यांनी ते आधी लोरान्थस नावाच्या मोठ्या घराण्यात घातलं होतं, मग एका डच माणसाने फुलं नीट तपासून त्याला या दुसऱ्या घराण्यात आणलं.

अवेरो हे लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही ते या झाडावरून त्या झाडावर उडतंच की."

मिस फाग्बेमी हसली. "उडतं ते आमचं चुकलं म्हणून, इया. ते स्वतः तसंच आहे. संत्र्यावर असो की कोकोवर, फूल तेच, फळ तेच. तुमचे सात नाहीत, दोन आहेत."

"पोरी, तू माणसं नाकावरून लावतेस. मी लावते ती कुणाच्या घरी जेवला त्यावरून."

"जेवण बदललं म्हणून नाक बदलत नाही."

"आणि नाक बघून कुणी औषध देत नाही."

दोघींचं असं तीन दिवस चाललं. एकमेकींचं पटलं नाही, पण जेवल्या एकाच ताटात. जाताना मिस फाग्बेमीने तिला एकच सांगितलं, की हाड बघताच आहात तर पानाचं पोटही बघत जा. अवेरो हो म्हणाली, आणि बघू लागली की नाही ते मला कळलं नाही. जुड्या सातच राहिल्या.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस बाबा ओयेनिरान यांनी तक्रार केली. हे वरच्या आळीतले जुने वैद्य, फार काटेकोर. जुडी घरी नेली की आधी हाडाची साल नखाने खरवडून बघणार आणि मगच ती कांडायला देणार. अवेरोकडून त्यांनी कोलावरचं बांडगूळ नेलं होतं. हाड कोलाचं नव्हतं. ते अवेरोकडे आले नाहीत, थेट इया एग्बेकडे गेले. इया एग्बे म्हणजे पालावाल्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. फार म्हातारी, तोंडात सदा दातवणाची काडी, आणि काडी बाहेर काढली की सगळे गप्प.

तिच्या अंगणात बायका जमल्या. मलाही बोलावणं आलं, कारण माल माझ्या खोलीत सुकला होता आणि तिथे दुसरं कुणी जात होतं का हे विचारायचं होतं. कुणी जात नव्हतं. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला असे.

हाड हातोहात फिरलं. साल काळपट, ठिसूळ, आणि बोटांच्या पेरांसारख्या जवळजवळ गाठी. कोलाची फांदी आम्ही सगळ्याच लहानपणापासून ओळखतो. ही ती नव्हती. कोकोची नव्हती, संत्र्याचीही नव्हती. तेव्हा अवेरोच्या समोर बसणारी इया सिकिरा म्हणाली की ही रबराची आहे. ओरेच्या रस्त्याला रबराचे मळे आहेत, तिथे बांडगूळ फुकट पडलेलं असतं, आणि ते आमच्याकडे कुणी औषधात घालत नाही. ओलं असतं तर साल कापून चीक बघता आला असता. वाळल्यावर काय बघणार?

इया सिकिराला एवढ्यावर थांबवेना. "बांडगुळाला मूळ नसतं, सगळीच झाडं त्याची सोयरी. इसेयिनहून आलेल्या माणसाला कोला काय आणि रबर काय."

दोघी-तिघी खाली बघून हसल्या. अवेरो म्हणाली, "सोयरी आहेत म्हणूनच कुणाच्या घरात काय शिजतं ते मला ठाऊक असतं, इया सिकिरा. तुझ्या घरातलंही." मग सगळ्याच हसल्या, आणि इया सिकिरा कमरेचं कापड सावरत बसली.

इया एग्बेने तोंडातली काडी काढली. अवेरो स्वतः झाडावर चढत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. लासीसी चढायचा. हा ताडी काढणारा, कमरेला दोर बांधून चढण्यात पटाईत, आणि काढलेल्या ताडीपैकी बरीचशी स्वतःच पिणारा. इया एग्बेने वाट दाखवली. लासीसीने फसवलं, दुसरीकडचा माल मिसळला, असं म्हण. मंडळाला एक शेळी दे. स्टुलाला कुणी हात लावणार नाही. ती हे चांगल्या मनाने सांगत होती, आणि लासीसीबद्दल काहीही सांगितलं असतं तरी अंगणातल्या सगळ्यांनी ते खरं मानलं असतं.

"मी खाली उभी होते," अवेरो म्हणाली. "फांदी तुटली ती मी पाहिली, पडली ती मी पाहिली, उचलली ती मी. लासीसीच्या हातात विळा होता. बाकी काही नव्हतं."

"मग हे हाड कशाचं?"

अवेरोने ते हाड पुन्हा हातात घेतलं, उलटसुलट केलं. "माहीत नाही. पण ते कोलाच्या झाडावरून आलं."

मागून कुणीतरी हसलं. इया एग्बे हसली नाही. येत्या बाजाराच्या दिवशी स्टुलाचा निर्णय होईल, एवढं म्हणून ती उठली.

घरी येताना मीच घाबरले होते. लातुंदे तेव्हा आकुरेला शिक्षक व्हायला शिकत होता, त्याचं शेवटचं वर्ष. ही गल्ली सुटली तर अवेरो जाणार कुठे? इसेयिनला भावजयीच्या दारात? मी तिला सांगितलं की शेळी देऊन टाक, लासीसीचं काय बिघडणार आहे, त्याला लोक तसंही नावं ठेवतात. ती चुलीवर आमालाचं पीठ ढवळत होती. आमच्या ओंदोत याम कंद उकडून, कांडून खातात, ती मात्र शेवटपर्यंत आपल्याकडचं ते काळं पीठच खात आली. ढवळता ढवळता तिने सांगितलं, की वर चढलेल्या माणसाला खाली काय घडतंय ते दिसत नाही, म्हणून खाली कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि जे खाली उभं राहतं त्याने वरच्याबद्दल खोटं बोलायचं नसतं. नाहीतर उद्या कुठलाही माणूस तिच्यासाठी झाडावर चढणार नाही. एवढं बोलून तिने मला विचारलं की रस्सा तिखट झालाय का.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने इया एग्बेला निरोप पाठवला की झाड बघायला चला. इया एग्बे आली, बाबा ओयेनिरान आले, इया सिकिरा न बोलावता आली. मीही गेले. झाड म्हाताऱ्या पा अकिनफोलारिनच्या मळ्यात होतं, कोकोच्या राईपलीकडे. लासीसी आमच्या आधी पोचला होता, दोर खांद्यावर, चेहरा उतरलेला. इया सिकिराने विचारलं की आज एवढा गप्प का. तो म्हणाला, "आज प्यायलेलो नाही, इया. म्हणून झाडाची भीती वाटतेय."

खालून बघितलं तर कोलाच्या एका जाड फांदीवर बांडगुळाचा मोठा झुबका होता, त्याच्या एका बाजूला कापल्याची जुनी जागा. शेंड्यावर तो ठोक्या पक्षी बसला होता, लहानसा, तोच एक सूर काढत, लोहार हातोडी मारतो तसा. झुबका एकच वाटत होता. बाबा ओयेनिरान म्हणाले की झाड कोलाचं आहे याबद्दल वादच नाही, वाद हाडाचा आहे.

"मागच्या वेळी वरून कापलं होतं," अवेरो लासीसीला म्हणाली. "आता खालून काप. कोलाची फांदी सुद्धा."

त्यात कोलाचीही बरीच फांदी जाणार होती. पा अकिनफोलारिन म्हणाला की जाऊ दे, तिला तसंही काही धरत नाही, सगळं हे चोरच पितायत.

फांदी कोसळली तेव्हा आम्ही सगळे मागे सरलो, मग सगळेच पुढे झालो. बुडाशी कोलाची फांदी, तिच्यावर मुठीएवढी गाठ, आणि गाठीतून वर आलेलं बांडगुळाचं मनगटाएवढं खोड. कोलाची साल सगळ्यांनी पाहिली, बाबांनी नखाने खरवडली. इथे काहीच गडबड नव्हती.

"मग माझ्या जुडीला हे हाड कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

अवेरो गुडघ्यांवर बसली आणि त्या खोडावरून हात वर नेत गेली. खोड काळपट, ठिसूळ, पेरापेरांचं. कापलेल्या जागेपाशी हात थांबला. त्या जागेच्या जरा वर, त्याच खोडावर, आणखी एक गाठ होती, लहान, सुपारीएवढी. त्या गाठीतून एक कोवळा तुरा निघालेला. तिने खालच्या खोडाचं एक पान उलटं केलं. पोट गंजलेलं, लव बोटाला लागली. मग तुऱ्याचं पान उलटं केलं. पोट गुळगुळीत. तुऱ्यावर लाल काडेपेटीच्या काड्या लागल्या होत्या.

बाबांच्या हातातलं ते वादाचं हाड तिने मागून घेतलं आणि कापलेल्या जागेशेजारी धरलं. तीच साल, तीच पेरं.

"हे त्याच्यावर बसलंय," ती म्हणाली. "बांडगुळावर बांडगूळ."

इया सिकिराने तोंडावर हात ठेवला. "चोरावर मोर."

मग सगळ्यांना एकदमच उमगलं. बांडगुळाचं फळ खाणारा पक्षी चिकट बी चोचीला लागली की बसल्या फांदीवर पुसतो, आणि तो बसतो कुठे, तर जिथे फळं आहेत तिथे, म्हणजे बांडगुळावरच. बहुतेक बिया तिथे वाळून जात असतील. ही रुजली. गंजक्या पानांचं बांडगूळ कोलाचं पाणी पीत होतं आणि गुळगुळीत पानांचं त्या बांडगुळाचं. दोघांची पानं वेगळी नसती, किंवा ती उलटी करायची सवय नसती, तर फांदी समोर असूनही दुसऱ्या गाठीकडे आमच्यापैकी कुणी पाहिलं नसतं.

लासीसी खाली उतरला होता. "मला वरून सगळं हिरवंच," तो म्हणाला. "तू म्हणालीस फुललेलं काप, मी फुललेलं कापलं."

बाबा ओयेनिरान यांचा चेहरा सैल झाला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, मग झालं तर. पाणी कोलाचंच, फक्त दोन तोंडांतून आलेलं. म्हणजे माल कोलाचाच. तक्रार मागे घेतो. इया एग्बेनेही मान हलवली. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि घरी जायला वळले.

"नाही," अवेरो म्हणाली. "आपल्याकडे बांडगुळाला नाव हाडाचं. याचं हाड कोलाचं नाही. मी कोलाचं म्हणून विकलं. ते चुकलं."

मी तिच्या कापडाचं टोक ओढलं. तिने ते माझ्या हातातून सोडवून घेतलं.

इया एग्बेने काडी काढली. "अगं, तुला सोडतायत तर गप्प बस ना. ऊन किती झालंय."

"मला सोडा, इया. नियम नका सोडू. आज हे कोलाचं म्हटलं तर उद्या रबरावरच्याचं काय म्हणाल? तिथेही पाणी कुणाचं ना कुणाचं असतंच. मी सात नावं लावते ती हाड बघून. हाड नको म्हटलं तर ती इबादानची पोरगी खरी, मग दोनच नावं, आणि बाबांनी खोकल्याला आणि भोवळीला एकच जुडी न्यावी."

बाबांना हे आवडलं नाही. सगळे इया एग्बेकडे बघू लागले. नियमाप्रमाणे कोलाचं म्हणून दुसरं विकलं होतं. ते विकणाऱ्या बाईनेच आता चारचौघांत कबूल केलं होतं. माझ्या मते तिने आपलं स्टूल स्वतःच्या हाताने उलटं केलं होतं.

म्हातारी त्या फांदीभोवती एक फेरी मारून आली. मग तिने इया सिकिराला विचारलं, "तू काल हाड हातात घेतलंस. कशाचं आहे ते ओळखलंस?"

"मी रबराचं म्हटलं."

"ओळखलंस का, विचारते."

"नाही."

"बाबा, तुम्ही?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"मीही नाही," इया एग्बे म्हणाली. "स्टूल उलटं होतं ते खोटं हाड लावणाऱ्या बाईचं. हिने लावलेलं नाही. ज्यावर उगवलं त्याचंच हाड जुडीला होतं, आणि ते कुणाचं हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला नाव नाही त्याचं नाव चुकलं तर शिक्षा कोणाकोणाला करू? हिने बाबांना कोलाची खरी जुडी द्यावी. या दुसऱ्याला वेगळं नाव लावावं आणि वेगळं ठेवावं. आणि आजपासून गल्लीत हाड बघताना पानाचं पोटही बघायचं." मग लासीसीकडे वळून म्हणाली, "तू प्यायलास तरी चालेल आता."

परतताना इया सिकिरा सगळा वेळ अवेरोच्या बाजूने चालत होती आणि इसेयिनला शिआवर काय काय येतं ते विचारत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की बाजारात जाऊन सांगायला काहीतरी हवं होतं, ते मला ठरवता आलं नाही. अवेरो मात्र सगळं नीट सांगत होती.

बाजाराच्या दिवशी गल्लीत नेहमीपेक्षा गर्दी होती. स्टूल उलटं दिसेल म्हणून काही लोक आले होते, ते तिथून सरळ पुढे निघून गेले. अवेरोने सात जुड्या ओळीने मांडल्या. आठवी केळीच्या पानावर, चटईच्या कोपऱ्यात. तिचं नाव तिने साधंच ठेवलं, बांडगुळावरचं. बातमी एव्हाना आसपासच्या गावांत पोचली होती, आणि जो तो तीच मागत होता. दोन झाडांचं पाणी प्यालेलं म्हणजे जोर दुप्पट, असं लोकांनी आपसांतच ठरवलं होतं. बाबा ओयेनिरान सगळ्यांत आधी आले. त्यांना कोलाची जुडी मिळाली, ती त्यांनी खरवडून पाहिली आणि पिशवीत टाकली. पण पाय निघेना. कोपऱ्यातल्या पानाकडे बघत त्यांनी विचारलं की तेही द्यायला काय हरकत आहे.

"नाव मिळालंय, बाबा. काम मिळालेलं नाही. ते कशाला चालतं हे तुम्हाला माहीत आहे का?"

"देऊन बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"मग आधी स्वतः घेऊन बघा. माणसांना नंतर."

बाबा रागावून गेले, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा आले. तिने पुन्हा दिलं नाही.

कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत मिस फाग्बेमी परत आली तेव्हा ती फांदी मागच्या खोलीत तशीच टांगलेली होती, कोलाच्या लाकडापासून वरच्या तुऱ्यापर्यंत अखंड. अवेरोने ती कापू दिली नव्हती. मिस फाग्बेमीने दोन्ही गाठी भिंगातून पाहिल्या, तपकिरी लव पाहिली, काड्यांवरचे फिके ठिपके पाहिले. मग ती जमिनीवरच बसली आणि म्हणाली की असं असतं हे तिने वाचलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. कागद छोटा पडत होता. फांदी मोडायची तिची इच्छा नव्हती. शेवटी अवेरोने विळा आणला आणि कुठे कापलं तर दोन्ही गाठी शाबूत राहतील ते दाखवलं. लाकडाचा तुकडा, खालचं बांडगूळ आणि वरचं बांडगूळ, तिन्ही एकाच कागदावर बसले. मिस फाग्बेमीने खाली नावं लिहिली, आणि अवेरोने मला ती वाचून दाखवायला लावली.

"म्हणजे इया, आता तुमचे आठ झाले," मिस फाग्बेमी म्हणाली.

"आठ. आणि तुझे?"

"माझे दोनच."

अवेरोने कागदाकडे पुन्हा एकदा बघितलं. "असू देत," ती म्हणाली. "तुला ते बाबा ओयेनिरानला विकायचे नाहीत."